हेरोदाचं नाक

तुमचं नाक? नाही हो फौजदारसाहेब, देवाशपथ नाही! बसा तर खरं, टोपी काढा, वारा घ्या. अख्खं वटार गाव नाताळचा गोठा बघून गेलं, फादर बघून गेले, त्या बाळं मारणाऱ्या हेरोद राजात कुणाला तुम्ही दिसला नाहीत. तुमचे तुम्हालाच दिसलात! आता त्याला मी काय करू?

आणि तेवढ्यासाठी गोठा करणाऱ्या त्या जर्मनाला देशाबाहेर घालवणार? आणीबाणी आहे, ठाऊक आहे मला — पण मातीच्या बाहुल्यांनापण? अहो, हा एर्विन माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो, चित्रं काढतो, गोष्टी लिहितो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिकडे, भिंतीपलीकडच्या जर्मनीत, पोरांसाठी पुस्तक केलं त्यानं — कोंबडीचोर कोल्ह्याचं, चित्रांसकट. तर एक मंत्री म्हणाला, हा कोल्हा म्हणजे मीच! झालं. पुस्तकं जाळली, ह्याला तुरुंगात डांबला. परत पाठवलात तर पुन्हा तिथंच कोंबतील. हसताय काय? तुमचाच भाऊ शोभतो की तो मंत्री!

तेव्हापासून तो चेहरा म्हणून करत नाही. केळी काढतो, विहिरी काढतो, माणूस काढलाच तर पाठमोरा. गोठ्यातल्या बाहुल्यापण मानेपर्यंतच केल्यान् — वर नुसते गोळे! मेंढपाळ गोळा, मरियामाता गोळा, बाळ येशूपण गोळा, आता बोला! मग काय, मीच बसले माती मळत. हो, मी, बर्था! घाला मला बेड्या. मरियेला माझ्या आईचं तोंड दिलं, आणि हेरोदाला — राजा म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार? कालवणात मीठ कमी पडलं की ताट भिरकावणारा, मी कुणाशी हसून बोलले की बाहेरून कडी घालणारा —

अगं बाई. काय बोलून गेले मी.

नाही, नाव नाही सांगायची. खोटं? जर्मनाला वाचवायला रचतेय म्हणता? आत्ताच उचलणार त्याला? थांबा, थांबा हो — हा बघा, नवरा आलाच वाडीतून. पॉल, इकडे ये. असा उजेडात उभा राहा. साहेब, हे नाक बघा, हा जबडा बघा. काही नाही रे पॉल, गोठ्यातला हेरोद तुझ्यावरून केलाय मी. मी केलाय, जर्मनानं नाही.

पटलं ना? मग एर्विनचं नाव खोडा आणि निघा बघू. चुलीवर भात आहे माझा. निघा, निघा —

साहेब... लगेच नका ना जाऊ. चहा टाकते. बसा जरा.