चार ते पाच मशीन बंद

सुतार : दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी मारलीय, आतून दोन बोटं जाड फोम. माणूस आत ओरडला तरी बाहेर कळायचं नाही, वहिनी.

थोरली : ओरडायला येणारेत होय लोक? आधी सांगायचं, कानात बोळे घालून बसले असते.

धाकटी : बोलायला येणार आहेत, ताई. आज एकच बाई आहेत, चार वाजता.

थोरली : कोण?

धाकटी : ते नाही सांगता येणार.

थोरली : म्हणजे माझ्या शिवणाच्या खोलीतून आत जाणार, माझ्या बाकावर बसून वाट बघणार, आणि कोण ते मी विचारायचं नाही!

धाकटी : दिसतील तुम्हाला. फक्त नाव विचारू नका. आणि उद्या रस्त्यात भेटल्या तर आपणहून ओळख दाखवू नका.

थोरली : आणखी? श्वास घेतला तर चालेल ना?

धाकटी : आणि चार ते पाच मशीन बंद. ते ठरलंय आपलं.

थोरली : आपलं नाही, तुझं ठरलंय. मी पाणी आणायला उठले तेवढ्यात तू घरातल्या सगळ्यांकडून माना डोलावून घेतल्यास. शाळेचे साठ सदरे पडलेत माझ्यापुढे. बावीस वर्षं पायडल मारतेय मी, आणि तू नोकरी सोडून घरात बसल्याला पंधरा दिवस नाही झाले, तर माझा पाय खाली उतरवलास.

धाकटी : हॉस्पिटलात एका खोलीत आम्ही तिघी समुपदेशक बसायचो, मध्ये नुसते पडदे. एकीचा पेशंट रडायला लागला की दुसरीचा गप्प व्हायचा. माणसाला विश्वासाने बोलता येईल अशी एक खोली हवी होती मला. जास्त काही मागत नाहीये.

थोरली : विश्वासाने! तुझ्या तोंडी फार शोभतो हो हा शब्द.

सुतार : ते... दार तपासून घेऊ या का? धाकट्या वहिनी, तुम्ही आत बसून नेहमीच्या आवाजात काहीतरी वाचा. मोठ्या वहिनी आणि मी इथे मशीनपाशी थांबतो.

धाकटी : पहिल्या दिवशी द्यायचा कागद वाचते. लावा दार.

सुतार : लावलं!

धाकटी : ‘इथे तुम्ही जे बोलाल ते माझ्याजवळच राहील. मात्र तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर घरच्यांना सांगावं लागेल. तेही आधी तुम्हाला विश्वासात घेऊन, तुमच्यासमोर.’ झालं. आलं का काही?

थोरली : ‘इथे तुम्ही जे बोलाल ते माझ्याजवळच राहील.’ राहिलं की! माझ्याजवळ राहिलं, सुताराजवळ राहिलं. बाकावर कुणी असतं तर त्याच्याजवळही राहिलं असतं.

धाकटी : सगळं ऐकू आलं?

थोरली : स्वल्पविरामासकट. ते ‘तुमच्यासमोर’ कोणी लिहिलं गं?

धाकटी : मी. बाकीचं सगळेच लिहितात. तेवढं माझं आहे.

थोरली : कधी सुचलं? नऊ वर्षांनी?

सुतार : दाराच्या वरच्या फटीतून येतोय आवाज. तिथून छतापर्यंत फळी लावली की झालं. उद्या येतो.

धाकटी : उद्या काय करू? त्या बाई आज यायच्यात! आणि ताई, मशीन कशाला सुरू केलंत? मला परत तपासायचंय.

थोरली : तपास की. चार वाजेपर्यंत माझी वेळ आहे. हेही तुझ्या कागदात लिहून घे.

सुतार : थांबा, वहिनी, आता मी आत जातो. तुम्ही बाहेर कान द्या. लावा दार.

धाकटी : लावलं... अहो, बोला की! बोलताय का? या बाहेर, बोलला नाहीत ना काही?

सुतार : नाही कसं? माझ्या मेव्हण्याचा पार आईबापापासून उद्धार केला मोठ्याने! नाही आलं ऐकू? बघा, म्हटलं नव्हतं, माझं दार म्हणजे...

थोरली : दार कसलं डोंबलाचं! मशीन आहे ते माझं.

सुतार : हां... खडखड आहे खरी. चला, मी निघतो. फळीचं उद्या बघू.

धाकटी : ताई.

थोरली : काय?

धाकटी : चार ते पाच मशीन चालू ठेवाल?

थोरली : परत म्हण. नीट ऐकू नाही आलं.

धाकटी : आलंय तुम्हाला. चालू ठेवाल का?

थोरली : सकाळी बंद, दुपारी चालू. मी काय तुझ्या दवाखान्यातला पंखा आहे? आणि मधेच पाय काढला तर?

धाकटी : तर त्या बाईंचं सगळं तुमच्या कानावर पडेल.

थोरली : आणि तरी ठेवतेस माझ्यावर भरवसा?

धाकटी : हो.

थोरली : मीही ठेवला होता. याच मशीनपाशी. जगणं नकोसं झालंय, एवढं एकच वाक्य बोलले होते. तू म्हणालीस, ‘आलेच हं, ताई.’ आणि आलीस ती सगळं घर घेऊन.

धाकटी : काही बरंवाईट झालं असतं तर?

थोरली : माझ्या कात्र्या कपाटात गेल्या. सुया मोजून मिळायला लागल्या. कापड बेतायचं तर सासूबाई डोक्यावर उभ्या. आलेल्या गिऱ्हाइकाला दारातूनच सांगायचे, तिला बरं नाही. वर्षभर! सांगितलंस म्हणून नाही राग धरला मी. मी तिथे बसले होते गं, तू येशील म्हणून वाट बघत.

धाकटी : शिकत होते मी तेव्हा.

थोरली : माझ्यावर शिकलीस.

धाकटी : पावणेचार झालेत. बायकांचा आवाज पातळ असतो, मशीनमधूनही निसटेल. एकदा माझ्या आवाजात तपासून घेते. चालू करा.

थोरली : हुकूम!

(दार लागतं. मशीन सुरू होतं.)

धाकटी : ‘इथे तुम्ही जे बोलाल ते माझ्याजवळच...’ ताई? ताई, ऐकू येतंय? नाही ना? मग बोलते. सांगणं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण मी जिन्यापर्यंत गेले तेव्हा ठरवलं होतं, आधी परत यायचं आणि तुमच्याजवळ बसायचं. पाय वळलेच नाहीत माझे. भ्याले मी, ताई. तुमच्या बोलण्याला नाही, एकटीने तुमच्यापाशी बसायला. तुमचा हात धरून, तुमच्यादेखत सांगायला हवं होतं. नंतर किती परक्या बायकांपाशी बसले, पण या घरात तुमच्या मशीनसमोरून जाताना नऊ वर्षं मान खाली घालून जाते. कात्र्या कपाटात ठेवल्या तेव्हा किल्ली माझ्याकडे दिली होती. मागितली असतीत तर दिली असती, असं मनाला सांगत राहिले. तुम्ही मागणार नाही हे मला माहीत होतं... झालं. येते बाहेर. आलं का काही ऐकू?

थोरली : नाही.

धाकटी : एकही शब्द नाही?

थोरली : नाही म्हटलं ना. बसव खुशाल तुझ्या बाईला.

धाकटी : बरं झालं.

थोरली : कागद दोन ओळींचा होता.

धाकटी : सावकाश वाचला.

थोरली : माझी अख्खी बाही जोडून झाली. इतका सावकाश? आणि डोळे कशाने लाल झाले, फोमने?

धाकटी : ताई, चार वाजत आलेत.

थोरली : अजून दहा मिनिटं आहेत. मशीन बंद केलंय मी. बस इथे, आणि बोल.