तिरंदाज हाक विसरते

हॅलो?... हॅलो, कोण?... अरे, तू! थांब, हातमोजे काढते. लॅबमध्ये आहे ना, पाण्याचे नमुने आलेत ढीगभर... हो, जेवले. तू?... सगळं? सूपसुद्धा?... शहाणा आहेस.

आवाज का असा दबका? मागे कोण आहे?... अच्छा, फोनसाठी रांग. मग त्या काकांना म्हणावं, ताईशी बोलतोय, जरा दम धरा.

ऐक ना, घरी नुसती गडबड चाललीये. आईने तुझ्या खोलीचे पडदे धुतले. बाबांनी गाडी पुसली, म्हणे आणायला मीच जाणार... हो रे, उद्याच. डॉक्टर सकाळी एकदा बघतील आणि घरी सोडतील...

काय? खेळ?... चालू आहे तुझा कॉम्प्युटरवरचा खेळ. 'मी वॉर्डात आहे तोवर तू पुढे ने' म्हणालास, नेतेय. दलदल ओलांडली... नाही, ढाल नाही विकली तुझी. विश्वास ठेव की जरा.

तिरंदाज? तुझ्या योद्ध्याची सोबतीण ना, बरी आहे. म्हणजे तिच्या अंगातली ती सावली काढल्यापासून बरी आहे. आता छावणीत उठून आपल्याच माणसांवर बाण सोडत नाही... हो, ती हाक विसरली तेही सांगितलं होतं ना मागच्या फोनवर. आधी तुझ्या योद्ध्याला 'बुटक्या' म्हणायची, आता नुसतं 'प्रवासी' म्हणते. गंमत वाटली म्हणून सांगितलं...

हं...

'म्हणून' म्हणजे? म्हणून काय?

थांब, हळू बोल. गोळी जिभेखाली ठेवतोस... आणि मग?... बेसिनमध्ये. कधीपासून?

त्या फोननंतर... म्हणजे माझ्याच फोननंतर.

नाही, रागावले नाही. नाही रे. स्टूल ओढून बसले फक्त. बोल तू.

हो... हो... म्हणजे तुला वाटलं, गोळ्यांनी ते आवाज जातील आणि त्यांच्याबरोबर आम्हीही जाऊ. मला काय हाक मारतोस तेही... काल आठवेना?... मग? आत्ता येतंय?... 'काडीताई'. हं, बरोबर. काडीताईच.

अरे ऐक, तो खेळ आहे. कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलाय... हो, मान्य आहे, तुझ्यासारखंच लिहिलंय. अंगात सावली असताना ती तिरंदाज दोघांशी एकदम बोलते, झोपत नाही, सुपात विष आहे म्हणते. मलाही तिथे खेळवेना, बंद करून ठेवला होता. पण तिच्या आठवणी पुसल्या त्या लिहिणाऱ्याने, चटका लावायला. गोळी तसं करत नाही. मी वाचलंय, डॉक्टरांनाही विचारलंय... सुस्ती येते, हो. शब्द उशिरा सापडतात, तेही खरं. त्यावर दुसरी गोळी असते, डोस बदलता येतो, पण त्यांना कळायला तर हवं ना?

काय?... नाही. अजून नाही आठवलं तिला. काल मोडका पूल लागला, तिथेही 'प्रवासी'च म्हणाली.

एक मात्र झालं. आधी ती नेहमी तुझ्या डाव्या बाजूने चालायची, आठवतं? तुझी ढाल उजव्या हातात, डावी बाजू उघडी, म्हणून. कालही डावीकडेच आली. मी मुद्दाम वळून पाहिलं, उलटं चालून पाहिलं. वळसा घालून परत डावीकडे... नाही, यावरून काही सिद्ध होत नाही, माहितीये. पण तुला बरं वाटावं म्हणून रचायचंच असतं, तर हाक आठवली असंच नसतं का सांगितलं?

हसलास? बरं झालं.

आणि ते आवाज? परत आलेत?... आत्ताही?... काय म्हणतायत?

मी खरी ताई नाही म्हणतायत.

मग तू काय म्हणालास त्यांना?... काही नाही. बरं. काही नाही तर काही नाही. फोन तर ठेवला नाहीस.

आता ऐक. सिस्टर कुठेत?... त्यांना सांगावं लागेल... हो. उद्या सोडणार नाहीत मग. कळतंय मला... पडदे काय, पुन्हा मळतील, पुन्हा धुवू. बाबांना मी समजावते. गाडी पुसली गेली हेच नशीब, एरवी कुठे हात लावतात... रडू नको. नाहीतर रड, पण फोन धरून ठेव.

चुगली नाही ही. मी सांगितलं तर चुगली होईल, म्हणून तूच सांगायचं. मी आहे इथेच.

माझी हाक विसरलास तर? मग मी आठवण करून देईन. काडी म्हण, प्रवासी म्हण, काही म्हणू नको. फोन लावलास की उचलेन. जा, बोलाव त्यांना...

हॅलो? हं, सिस्टर, नमस्कार. त्याची बहीण बोलतेय... नाही, मला काही विचारायचं नाही. त्यालाच तुम्हाला काहीतरी सांगायचंय... हो, आत्ताच. वेळ लागेल त्याला, शब्द लवकर येत नाहीत. तेवढं थांबाल ना?... आणि सिस्टर, एक विचित्र वाटेल, पण त्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहाल?... हो, डाव्या... थँक्यू. द्या त्याला फोन.

आल्या ना डावीकडे?... मग सांग. मी ऐकतेय.

हं... जिभेखाली, हो... पुढचंही सांग...

हॅलो?... हॅलो?... हं, फोन बाजूला ठेवून त्यांच्याशीच बोलतोयस.