बाथरूमचं दार

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बापलेक बसले होते. मुलीच्या मांडीवर कुत्रा थरथरत होता.

"डॉक्टरांना सांग, घरी एकटा राहिला की दार ओरबाडतो. शांत राहायची गोळी द्या म्हणावं."

"एकटा असताना तो झोपतो, बाबा. मी घरात फोन ठेवून रेकॉर्ड केलंय."

"मग दाराची वाट कुणी लावली? मी?"

"संध्याकाळी तुमची किल्ली कुलपात फिरली की तो बाथरूमचं दार ओरबाडतो. आत लपायला."

"लाडावून ठेवलाय नुसता! दोन रट्टे दिले की येईल ताळ्यावर."

"ओरडू नका. बघा कसा कापतोय."

"मला शिकवू नकोस! तुझी आई राहतेच ना त्याच घरात? तिला नाही काही होत!"

"ती त्याच्याआधी आत जाऊन कडी लावते, बाबा."