सलूनवाल्याचं घड्याळ

लेक : "केस आखूड कापले. आईला गरोदरपणी टायफॉइड. फुटबॉल. मुलींचं हॉस्टेल. आत्या. जास्त लाड." बाबा, हे काय आहे?

बाबा : ठेव ते. गिऱ्हाइकाचं आहे.

लेक : गिऱ्हाइकाचं? दुरुस्तीच्या चिठ्ठीवर वर 'चिमी' लिहिलंय. मी घड्याळाचा सेल शोधत होते आणि सापडलं काय, तर मला मुली का आवडतात याची कारणं! त्यात आत्या?

बाबा : ती आणि तिची मैत्रीण, तीस वर्षं एका घरात. म्हटलं, रक्तातून आलं असेल.

लेक : म्हणजे आत्याचं तुम्हाला माहीत होतं?

बाबा : नाही गं. लिहिता लिहिता कळलं.

लेक : धन्य आहात! आणि फुटबॉल? दादाही खेळायचा.

बाबा : म्हणून पुढे प्रश्नचिन्ह आहे. नीट वाच.

लेक : लाड?

बाबा : ते अक्षर तुझ्या आईचं.

लेक : शास्त्रज्ञ इतकी वर्षं शोधतायत. कुणी गर्भात बघतं, कुणी रक्तात. एकच एक कारण कुणाला सापडलेलं नाही. तुम्ही डोळ्याला भिंग लावलंत आणि सहा काढलीत.

बाबा : कारण कळल्याशिवाय दुरुस्ती होते का?

लेक : दुरुस्ती. बरं. आणि खाली हे? "गुरुवार, पाच वाजता. डॉक्टर. सहा महिन्यांत पूर्ण बदल."

बाबा : आईला कुणीतरी सांगितलं...

लेक : हसत बोलतेय म्हणून हसण्यावारी नेऊ नका, बाबा. मी जाणार नाही. अशाच एकाकडे गेलेली मुलगी मला माहीत आहे. वर्षभर कुणाशी धड बोलत नव्हती. हट्ट धरलात, तर रविवारी आम्ही दोघी येत नाही.

बाबा : दोघी? तिला आणणार होतीस?

लेक : होते. दातांची डॉक्टर आहे. तुमच्या दाढेची सगळी हकिकत सांगून झालीय.

बाबा : हं.

लेक : सलूनवाल्याचं घड्याळ आठवतंय?

बाबा : ते नको काढूस.

लेक : काढणारच. काटे उलटे फिरतात म्हणून तीन दिवस खपून सरळ केलंत. तबकडीसुद्धा बदललीत!

बाबा : मला काय ठाऊक, ते आरशात बघायचं होतं! खुर्चीतल्या माणसाला वेळ सरळ दिसावी म्हणून मुद्दाम तसं बनवलेलं.

लेक : आणि तो काय म्हणाला?

बाबा : "मी फक्त काच बदलायला दिलं होतं."

लेक : काच! मग माझ्या चिठ्ठीवर 'तक्रार' हा रकाना कोरा का?

बाबा : लिहायला बसलो होतो. काही सुचेना.

लेक : मग गुरुवारचा डॉक्टर कशाला?

बाबा : त्या डॉक्टरला फोन केला. बिघाड कशात आहे, विचारलं. म्हणे, ते बघायची गरज नाही, सहा महिने धरा. झाकण न उघडता मुदत देणारा कारागीर मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

लेक : मग?

बाबा : मग काय. रविवारी लवकर या. दाढ खरंच ठणकतेय.

लेक : आधी गुरुवारचं सांगा.

बाबा : ते सोमवारीच रद्द केलं.