निळ्या दाराशी थांबणारी घोडी

कचरा वेचणाऱ्यांनी घोडागाडी जमा करायची आणि मोटारीची तीनचाकी न्यायची, असं नवं धोरण उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओत आलं होतं. आई गेल्यावर तिचा घोडा जमा करायला आलेली ओफेलिया लगाम धरून रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची लेक आपल्या घोडीशेजारी, चिस्पाशेजारी, बोलत होते.

"खिडकीवरचे साहेब म्हणतात, आता काही वाया जाणार नाही. कचऱ्याच्या पुन्हा वस्तू होणार," लेक म्हणाली.

"मग इतकी वर्षं आपण काय कचऱ्याचं लोणचं घालत होतो?"

"हळू बोला, बाबा. चिस्पाला कुरण मिळणार आहे. थकलीय ती."

"मी काय तरणा आहे? पण त्या निळ्या दाराशी ती आपणहून थांबते गं."

"तिथे आता पुठ्ठ्याचा कपटाही मिळत नाही."

"तुझी आई तिथे कामाला होती तेव्हा मिळायचा. पुठ्ठे बांधून ठेवायची, मला मॅटे चहाचा कडू घोट द्यायची. ती गेली, तरी चिस्पा थांबते. मान वळवून दाराकडे बघत राहते."

"तीनचाकीला ब्रेक असतो, बाबा."

"असतो की. पण तिथे तो दाबायचा कशासाठी?"

लेकीने चिस्पाच्या मानेवरून हात फिरवला.

"खिडकी कधी बंद करतात?"

"दुपारी. का?"

"चला, चिस्पाला घेऊन त्या दारापर्यंत एक फेरी मारून येऊ." मग ती मागे वळली. "ताई, आमची जागा धराल का?"

"धरते," ओफेलिया म्हणाली. "सावकाश या."