मुंगसाची मुळी

शिवयोगी : पदर पिळू नका, बाई. ओलाच राहू द्या. आणि टेबलावर नको, टेबल तापलंय. इथं खाली फरशीवर ठेवा.

कस्तुराबाई : ठिवली. डाक्टरसायेब, जीव हाय न्हवं हिच्यात?

शिवयोगी : आहे की. पोट हलायलंय बघा. पण मी डॉक्टर नाही. साहेब लसी टोचायला मोहोळकडं गेलेत, संध्याकाळी येतील. मी शिवयोगी, कंपाउंडर. बावीस वर्षं या जनावरांच्या दवाखान्यात काढली. म्हशी झाल्या, टांग्याची घोडी झाली, एकदा सर्कशीतलं अस्वल पण आलं होतं. मुंगूस मात्र आजच बघायलोय. चावतंय का?

कस्तुराबाई : भिंगरी न्हाय चावत कुनाला. पिल्लू हुती तवापासनं हातावर वाढलीया. आवं, त्ये दार तेवढं लावून घ्या की.

शिवयोगी : दार लावून वारं कुठनं यायचं? आधीच भट्टी झालीय.

कस्तुराबाई : आमचं ह्ये मागनं येत्याल. आले तर हिला उचलून घिऊन जात्याल.

शिवयोगी : कुठं?

कस्तुराबाई : रानात. बांधावर सोडायला.

शिवयोगी : या उन्हात? दुपारचे दोन वाजलेत, बाई. बरं, ते येतील तेव्हा बघू. तो तांब्या द्या इकडं. डोक्यावर एकदम ओतू नका, पायाचे तळवे आणि पोट भिजवा. कान पण. आणि हा पुठ्ठा घ्या, वारा घाला. कधी पडली ही?

कस्तुराबाई : पडलेली न्हाय बघितली. भाकरी घिऊन गेले तर पेटीत आडवी. तोंडाला फेस, जीभ भाईर. हात लावला तर चुलीवरच्या तव्यागत लागली. मग पाय झाडाय लागली.

शिवयोगी : पेटीत कशाला?

कस्तुराबाई : आमी होटगी नाक्याजवळच्या सुताच्या गोदामावर राहतो. ह्ये तितं राखनदार हायेत. आज गाठींचा ट्रक आला. हमालांच्या पायात येईल म्हनून ह्येंनी हिला जाळीच्या पेटीत घातली आन् पेटी पडवीला ठिवली.

शिवयोगी : पडवीला छप्पर कशाचं?

कस्तुराबाई : पत्रा हाय.

शिवयोगी : हं. पाणी होतं पेटीत?

कस्तुराबाई : वाटी हुती. कोरडी पडलीवती. मी तशीच उचलली आन् निघाले. हौदात पदर बुडवला, तिला गुंडाळली, वाटंत दोन नळांवर आनिक भिजवली.

शिवयोगी : नाक्यापासनं चालत? पायात काही नाही तुमच्या. डांबर वितळायलंय रस्त्यावरचं.

कस्तुराबाई : माझ्या पायाचं राहू द्या. ती डोळं का उघडंना?

शिवयोगी : उघडील. घाई करू नका. तोंडात पाणी घालू नका अजून, फुप्फुसात जाईल. गिळायला लागली की थेंब थेंब द्यायचं. सायकल वाजली बाहेर. हेच का तुमचे?

मायाप्पा : कस्तुरा. कुनाला इचारून आनलीस तिला?

कस्तुराबाई : कुनाला न्हाय.

मायाप्पा : हमालांम्होरं माझी शोभा केलीस. मी गाठी मोजतोय आन् बायको मुंगूस घिऊन रस्त्यानं पळतीया. सरक, दे हिकडं.

शिवयोगी : थांबा, थांबा. हात लावायचा नाही. नाव काय तुमचं?

मायाप्पा : मायाप्पा. सांगोल्याकडला. आवं सायेब, तुमी सरकारी मानसं, तुमाला ह्यातलं कळायचं न्हाय. हिला जनावर लागलंय. गोदामाच्या मागं नाग हाय, मी सवता कात बघितलीया. मुंगसाला साप चावला की त्ये रानात जातंय, आपली मुळी हुडकून खातंय आन् बरं हुतंय. तिला सोडायला पायजे. आनी तुमी तर पानी मारून ठिवलंय. पानी लागलं की मुळीचा गुन जातो.

शिवयोगी : कोण म्हणालं?

मायाप्पा : माझा बा. त्येच्या बानं त्येला सांगितलं. धनगराचा हाय मी, सायेब. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली म्हनून शहरात आलो, न्हायतर जन्म जनावरात गेलाय.

शिवयोगी : मग जनावरातला माणूस म्हणून बसा इथं. हे बघा, मी केस बाजूला करून दाखवतो. पुढचे पाय, मान, नाक. दात लागलेत कुठं? सूज आहे? रक्ताचा टिपूस?

मायाप्पा : केसाळ जनावराला दात दिसत न्हाईत.

शिवयोगी : सूज दिसती की. आणि जाळी लावलेल्या पेटीत नाग शिरला कसा? चावून परत जाळी लावून गेला?

मायाप्पा : तुमी थट्टा करा. मी डोळ्यानं बघितलंय. गेल्या साली, ह्याच म्हयन्यात, आमचा बाब्या अस्साच पडला हुता.

शिवयोगी : बाब्या कोण?

मायाप्पा : हिच्या आधीचं मुंगूस. लई हुशार. माझ्या पांघरुनात येऊन झोपायचा. कस्तुरा, सांग की.

कस्तुराबाई : व्हय. ह्येंच्याबिगर भाकर खायाचा न्हाय.

मायाप्पा : त्यो बी असाच. तोंडाला फेस, पाय झाडत हुता. मी उचलला, मागच्या बांधावर नेला आन् सोडला. म्हनलं, जा लेकरा, तुझी मुळी तुला ठावं. उठला की. गेला की चालत.

शिवयोगी : सरळ चालत गेला?

मायाप्पा : आता इख चढलेलं. झोकांड्या खात गेला. निवडुंगाच्या जाळीत शिरला. मुळी तितंच असंल.

शिवयोगी : आणि किती वाजले होते?

मायाप्पा : दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला हुता गिरनीचा. का?

शिवयोगी : काही नाही. मग घरी कधी आला?

मायाप्पा : घरला न्हाय आला. गुन आला की जनावर रानाला लागतंय, त्येला काय आपली आठवन? पर तितंच हाय त्यो. पायाचं माग दिसत्यात मातीत. मी ऐतवारी अंडं ठिवतो बांधावर, दुसऱ्या दिशी नसतंय. कस्तुरा, सांग की सायबास्नी.

कस्तुराबाई : तुमी वारा घाला. माझा हात भरून आला.

शिवयोगी : घाला, घाला. जोरात नको. असं. मायाप्पा, एक विचारू? बाब्या पडला त्या दिवशी तो होता कुठं? पडायच्या आधी?

मायाप्पा : बांधलेला हुता. पडवीच्या खांबाला.

शिवयोगी : त्याच पत्र्याखाली?

मायाप्पा : व्हय. दुसरी पडवी कुटली आमाला. पर सायेब, पत्र्याची सावली असतीया की.

शिवयोगी : सावली असती, पण पत्रा वरनं आग ओततो. एप्रिलमधी बेचाळीस, मे महिन्यात चव्वेचाळीस. पेटीत वारं नाही. या जनावराला आपल्यासारखा घाम येत नाही. बाहेर असतं तर बिळात शिरलं असतं, ओल्या मातीत पोट टेकून बसलं असतं. बांधलेलं कुठं जाणार?

मायाप्पा : आवं, सापाला भीत न्हाय त्ये उनाला काय भिनार?

शिवयोगी : मेंढराला ऊन लागतं का नाही?

मायाप्पा : मेंढराचं मला सांगू नगा. दुपार झाली की मेंढरं एकमेकाच्या पोटाखाली मुंड्या घालत्यात. तसं दिसलं की आमी लगी कळप झाडाखाली घेतो. मेंढराचं मला झोपंत कळतंय.

शिवयोगी : मग.

मायाप्पा : मग काय?

कस्तुराबाई : आवं, बघा. मुंडी हलली. डोळा उघडला तिनं.

शिवयोगी : गप. बोलू नका मोठ्यानं. बोळा भिजवा. ओठाला लावा नुसता. गिळली का?

कस्तुराबाई : चाटतीया. भिंगरे, ए भिंगरे. चाट बाई.

शिवयोगी : आता थेंब थेंब. चिमूटभर साखर, कणभर मीठ घातलंय त्यात. एकदम देऊ नका, ओकेल. चांगलं आहे. चांगलं आहे बघा.

मायाप्पा : पान्यानं उठली.

शिवयोगी : पाण्यानं आणि वाऱ्यानं.

मायाप्पा : मुळी न्हाय खाल्ली तिनं.

शिवयोगी : नाही.

मायाप्पा : सायेब, साप चावल्याला जीव पान्यानं उठतो का वो?

शिवयोगी : नाही उठत, मायाप्पा. हिला ऊन लागलं होतं. एवढंच.

मायाप्पा : आन् बाब्याला?

शिवयोगी : मी काय तेव्हा बघितलं नाही.

मायाप्पा : तरी बी. सांगा की. त्या दिशी बांधावर न नेता त्येला असाच भिजवला असता तर?

शिवयोगी : कशाला उगाळायलाव आता ते? हिच्याकडं बघा.

मायाप्पा : सायेब, मी तुमच्याहून मोटा हाय वयानं. इचारतोय तर सांगा.

शिवयोगी : बहुतेक उठला असता. आता ऐका दोघं, मी परत परत सांगणार नाही. संध्याकाळपर्यंत हिला इथंच राहू द्या. उठली म्हणून बरी झाली असं नसतं, आतनं भाजलेलं असतं. ओकली, शीमधी रक्त आलं, परत पाय झाडायला लागली, तर मला हाक मारायची. साहेब आले की दाखवू. घरी गेल्यावर पत्र्याखाली पेटी नाही, बांधणं नाही. न्हाणीत मातीचा डेरा आडवा टाका, खाली ओलं पोतं. आत जाऊन बसेल. मी विहिरीवरनं बादली आणतो, हे पाणी कोमट झालं.

(शिवयोगी बादली घेऊन बाहेर जातो.)

मायाप्पा : कस्तुरा.

कस्तुराबाई : बोला.

मायाप्पा : त्येला उनात नेऊन टाकला गं मी. जळत हुता, आन् मी आनिक उनात नेला.

कस्तुराबाई : तुमाला काय ठावं. तुमी बरं व्हावं म्हनूनच नेला.

मायाप्पा : तू मडकं घिऊन आली हुतीस त्या दिशी. पानी वतते म्हनालीस.

कस्तुराबाई : व्हय.

मायाप्पा : मी वरडलो तुझ्यावर. आडवी येऊ नगंस म्हनलो.

कस्तुराबाई : व्हय. म्हनून आज तुमाला इचारलं न्हाय.

मायाप्पा : पर माग दिसत्यात की गं मातीत. अंडं जातंय. एकांद्या वक्ती मुळीनं गुन आला बी असंल. त्यो सायेब काय देव हाय का? बाब्या असंल बी तितं. का?

कस्तुराबाई : अंडं कुत्रं नेतंय. हमालवाडीतलं तांबडं कुत्रं.

मायाप्पा : तुला कसं ठावं?

कस्तुराबाई : बघितलंय. लई येळा बघितलंय.

मायाप्पा : आन् बाब्या?

कस्तुराबाई : आवं, तिच्या तोंडाला बोळा लावा. वाळलंय बघा.

मायाप्पा : लावतो. बाब्याचं सांग.

कस्तुराबाई : दुसऱ्या दिशी सकाळी तुमी गेटावर हुता. मी शेन्या आनायला गेले. निवडुंगाच्या बुडाला पडलावता. लांब गेलाच नव्हता त्यो. चार पावलं.

मायाप्पा : मेलेला?

कस्तुराबाई : मुंग्या लागल्याल्या.

मायाप्पा : वरीस झालं, कस्तुरा. वरीसभर बोलली न्हाईस?

कस्तुराबाई : सांगायलाच आले हुते तशी. तर तुमी हमालांस्नी सांगत हुता, माझा बाब्या मुळी खाऊन बरा झाला, रानाचा राजा झाला. मेंढरं गेली तवापासनं तुमास्नी तसं हसताना बघितलं नव्हतं मी. म्हनलं उद्या सांगू. मग तुमी अंडी ठिवाय लागला. मग धीरच झाला न्हाय.

मायाप्पा : सांगितलं असतंस तर मी हिला त्या पत्र्याखाली ठिवली असती का?

कस्तुराबाई : न्हाय.

मायाप्पा : मुळीवर भरोसा ठिवून बसलो मी. म्हनलं, काय झालं तर हायच की मुळी.

कस्तुराबाई : तेच म्हनत आले वाटभर. माझ्याच तोंडानं हिचा जीव चाललाय म्हनत आले. बोलायचं तवा बोलले न्हाय. तुमी काय बी म्हना मला, खरं हाय त्ये.

मायाप्पा : मी काय म्हनू? मेंढरं राखली चाळीस वरसं, आन् पांघरुनात झोपनारं एक जनावर कळलं न्हाय मला. तू काय केलंस मग? तितंच सोडलास त्येला?

कस्तुराबाई : सोडीन का? पदरात घेतला. खुरप्यानं खड्डा केला आन् पुरला.

मायाप्पा : बांधावर? तितं तर टिपूस सावली न्हाय गं. दिसभर ऊन.

कस्तुराबाई : बांधावर न्हाय. वढ्याच्या कडंला नेला, लिंबाखाली. तितं ऊन येत न्हाय.