पडद्यामागची हिरोईन

जळगावातल्या थेटरात एक जुना सिनेमा, डाग-चरे काढून, पुन्हा लागला होता. तिकिटाच्या रांगेत नूतनच्या पुढे भडगावचे बहीणभाऊ उभे होते, दोघंही सत्तरीपारचे. नूतनने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि कान तिकडे लावले.

“अक्का, हाऊ सिनेमा जत्रेच्या तंबूत पाह्यला व्हता, आठवस का?”

“आठवस ना! तुम्ही माणसं पडद्याच्या पुढे, आम्ही बाया पडद्याच्या मागे.”

“मंग आज काय पाहशील?”

“हिरोईन सासऱ्याले डाव्या हाताने वाढस, ते.”

“डाव्या? उजव्या हाताने वाढस ती.”

“डाव्याच, अभिमन! माय माझ्या डाव्या हातावर उलथनं मारे, आठवस ना? सिनेमा पाह्यला अन् दुसऱ्या दिवसापासून तिने हात लावला नही. म्हणे, एवढी देखणी बाई बी डावखुरीच शे.”

“अक्का, पडद्याच्या मागून बठ्ठं डावं-उजवं उलटं दिसस.”

रांग सरकली, खिडकी आली.

“बोला आजी, किती तिकिटं?”

“दोन. याले पुढचं दे, भाऊ. माले पडद्यामागचं.”